हडळीच्या खडकावर काहीच नाही

यंत्र पारखण्यात माझा हात कोणी धरणार नाही! तिकडे चेक देशात, पिल्झनला, ट्रॅमच्या तारांवर अर्धी हयात काढलेला माणूस आहे मी. वीज म्हणजे काय हे मला तिनं स्वतः सांगितलंय, दोनदा, आणि दुसऱ्यांदा सांगताना चांगलं डेपोच्या भिंतीपर्यंत नेऊन सोडलं होतं. तेव्हा सासऱ्यांसाठी रेडिओ स्कॅनर आणायची गोष्ट निघाली तशी मी छाती पुढे काढून म्हटलं, हे काम माझं. डार्लीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी तिथल्या तिथे ओळखायला हवी होती. टोस्टरच्या वेळीही ती अशीच पाहत होती.

स्कॅनर म्हणजे नुसता कान. त्यावर बोलता येत नाही, ऐकता येतं. एकामागून एक चॅनेल चाळत जातो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरणाऱ्यांच्या घरोघरी तो ब्रेडच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. नवरा समुद्रावर, बायको ओट्याशी, आणि मध्ये हा. आमच्या घरात तेवढा नव्हता, कारण लिनवुड, माझे सासरे, यांचं ठाम मत होतं की किनाऱ्यावरच्या माणसानं समुद्रावरच्या बोलण्यात कान घालू नये. किनाऱ्यावरचा माणूस म्हणजे मी. माझ्या देशाला समुद्रच नाही. पंचवीस वर्षं घरजावई म्हणून या घरात राहतोय, तरी धक्क्यावर माझा उल्लेख अजून ‘तो परदेशी’ असाच होतो. प्रेमानं होतो, असं डार्लीन म्हणते.

पण आता लिनवुड स्वतःच किनाऱ्यावर येऊन पडले होते. दोन वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला तो छातीत घर करून बसला. सप्टेंबरात इस्पितळात नेलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बजावलं की मला काही सांगू नका, जे काय असेल ते पोरीला सांगा. डॉक्टरांनी पोरीला सांगितलं, जावयाच्या देखत, व्हरांड्यात उभ्या उभ्या. बर्फ पडायच्या आत, म्हणाले. लिनवुडनी मात्र स्वतःच ठरवून टाकलं की हा न्यूमोनिया आहे, हिवाळाभर लोळायचं आणि वसंतात पुन्हा सापळे टाकायचे. सापळ्यांच्या खुणेला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना यंदा कोणता रंग द्यायचा यावर ते पलंगावरून तासन् तास बोलत. डार्लीन त्यांना रंगाचे नमुने आणून दाखवी आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडून येई.

तिनं मला दमच भरला होता. लिनवुडचा धाकटा भाऊ असाच आजारी पडला, त्याला डॉक्टरांनी तोंडावर खरं सांगितलं, आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं, जेवण सोडलं, आठवडाही काढला नाही. ‘‘बाबांना वसंताची वाट बघत जाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या तोंडून एक अक्षर निसटलं ना ओट्टो, तर माझ्याशी गाठ आहे.’’ माझं नाव खरं ओताकर. ते इथे कोणालाच पेलत नाही.

म्हाताऱ्याला स्कॅनर हवा होता तो हवामान कळायला, असं ते म्हणाले. पडल्या पडल्या हवामान कळून काय करणार होते देव जाणे. मला आणि डार्लीनला नीट ठाऊक होतं. त्यांना वेंडलचा आवाज ऐकायचा होता.

वेंडल म्हणजे माझा मेव्हणा, म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा. त्याचं असं झालं. आमच्या बंदराची एक रीत आहे: रेडिओवर शेवंडांबद्दल खरं बोलायचं नाही. चॅनेल सगळ्यांचा, कान सगळ्यांचे. बोट काठोकाठ भरली असेल तर तांडेल रडका सूर लावून सांगतो, काही नाही रे बाबा, आज डिझेलही सुटत नाही. आणि रिकामा हिंडत असेल तर म्हणतो, ठीक चाललंय. याला इथे कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. रविवारी सगळे चर्चमध्ये जातात आणि सोमवारी रेडिओवर येतात.

वेंडल विशीत असताना बापाच्या बोटीवर होता. ऑक्टोबर महिना, जागा हडळीचा खडक. ती लिनवुडची खास जागा, कोणाला न सांगितलेली. त्या दिवशी सापळे असे भरून आले की दारं लागेनात. तेवढ्यात मर्लनं, म्हणजे आमच्या बंदरातल्या सर्वांत भोचक तांडेलानं, रेडिओवर विचारलं, काय रे पोरा, कसं काय? आणि वेंडल आनंदानं ओरडला, ‘‘हडळीच्या खडकावर आहोत काका! तुडुंब!’’ दुसऱ्या दिवशी पहाटे खडकाभोवती अख्खं बंदर जमलं होतं. लिनवुडनी पोराला धक्क्यावर उतरवलं, त्याचे बूट त्याच्यामागून भिरकावले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की रेडिओवर खरं बोलणाऱ्याला माझ्या बोटीत जागा नाही. मी तिथेच उभा होतो. एक बूट मला लागला.

तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. वेंडलनं पुढे स्वतःची बोट घेतली आणि बंदराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. आणि रेडिओवर तो पुन्हा म्हणून बोलला नाही. धुकं असो, वादळ असो, तोंडाला कुलूप. म्हणजे ज्याचा आवाज ऐकायला स्कॅनर आणायचा, तो गडी तोंडच उघडत नव्हता. म्हाताऱ्यालाही हे ठाऊक असणारच, पण ते बोलून दाखवणारा मी कोण?

तर निवड. बर्निसच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना मी सहज विचारलं की नवशिक्यानं पहिला स्कॅनर कोणता घ्यावा. चूक झाली. बर्निस म्हणाली, साधा घे, मोठ्या बटणांचा, टेबलावर ठेवायचा. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, हातात धरायचा घे. मर्ल म्हणाला, ‘‘सर्वांत स्वस्तातला घे आणि छपरावर चांगली अँटेना लाव. स्कॅनरला कान लागतो, डोकं नसलं तरी चालतं. म्हणजे तुला जमेल.’’ सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन हजार चॅनेलवाला मागवला.

आला तेव्हा त्याच्याबरोबर जी पुस्तिका आली तिला वेगळी पिशवी करावी लागली. मी तो लिनवुडच्या उशाशी मांडला, हजारच्या हजार चॅनेल त्यात भरले आणि कळ दाबली. लाल दिवे, हिरवे दिवे, अंक धावताहेत. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, हात छातीवर घेतले. समुद्र ऐकायला. पहिला आवाज आला तो शाळेच्या बसवाल्याचा, मागच्या बाकावर कोणीतरी ओकलं होतं. त्यामागून रस्तेदुरुस्तीवाले, एका खड्ड्यावरून हमरीतुमरीवर आलेले. मग शेजारच्या तालुक्यातली रुग्णवाहिका. ‘‘वृद्ध पुरुष, श्वास थांबलाय, घाई करू नका.’’ मी झडप घालून बटण दाबलं. तिथे कचरागाडी लागली.

हजार दारं दिली की हे यंत्र हजार दारांत डोकावत हिंडतं आणि आपल्या दारात यायला त्याला सवडच होत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. असो, सांगितलं असेल. लिनवुडनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि डोळे न उघडता म्हणाले, ‘‘हा समुद्र नाही, ओट्टो. ही नगरपालिका आहे.’’

नाक मुठीत धरून मर्लकडे गेलो. तो आला, स्कॅनर हातात घेतला, एक चॅनेल ठेवला आणि बाकीचे सगळे पुसून टाकले. माझी एवढी मेहनत गेली. मग अँटेना घेऊन तो छपरावर चढला. मी खाली शिडी धरून उभा. वारा हाडात शिरत होता. वरून ठोकता ठोकता मर्लचं चाललं होतं की एवढं महागाचं कशाला घेतलंस, वसंतात म्हातारा बोटीवर गेला की हे धूळ खात पडेल. तेवढ्यात वरून एक लोखंडी पट्टी निसटून शिडीच्या पायरीवर ठेवलेल्या माझ्या अंगठ्यावर पडली. वेदनेत माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी ओरडलो, ‘‘कसला वसंत, मर्ल! बर्फसुद्धा बघायचे नाहीत ते!’’

ठोकणं थांबलं. मर्लनं छपरावर उभ्या उभ्या टोपी काढली. ती वाऱ्यानं उडाली आणि बंदराच्या दिशेनं गेली, आणि बातमीही त्याच दिशेनं जाणार हे मला तेव्हाच कळलं. खाली उतरून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. आईशपथ कोणाला सांगणार नाही, म्हणाला. मर्लला गुपित सांगणं आणि चर्चची घंटा वाजवणं यात फरक एवढाच की घंटेला दोर ओढावा लागतो. तो शनिवार होता. संध्याकाळी घरोघरी ताटात शनिवारचा ठरलेला काकवीतला घेवडा पडायच्या आत बातमी पोचलेली होती.

सोमवारी सकाळी स्कॅनर असा खणखणीत लागला की काय सांगू! लिनवुड उशांना टेकून बसले होते. डार्लीननं माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार दिवसांनी. आणि पहिला आवाज आला, ‘‘सुप्रभात, मंडळी.’’

आमच्या बंदरात रेडिओवर सकाळ सुरू होते ती एकमेकांच्या आईबापांच्या उद्धारानं. सुप्रभात हा शब्द त्या चॅनेलवर कोणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. मला वाटलं, छान, सभ्य लोक आहेत. मग कोणीतरी म्हणालं की लिनवुडसारखा तांडेल पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणाला, त्यांनी मला एकदा धुक्यातून ओढून आणलं होतं, मी कधी आभारही मानले नाहीत. कोणी स्तोत्राची एक ओळ गायली आणि त्याला कोणी शिवी घातली नाही. मग मर्ल आला. ‘‘लांब बेटाच्या उत्तरेला आहे,’’ तो म्हणाला. ‘‘चांगल्या सहा पेट्या भरल्यात. कोणाला यायचं असेल तर या.’’

मी खुशीत म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. डार्लीन कॉफी आणायला गेली होती. ते म्हणाले, ‘‘ओट्टो, दार लावून घे.’’

मी लावलं.

‘‘मर्ल खरं बोलला,’’ ते म्हणाले.

‘‘चांगलंच आहे की.’’

‘‘मर्ल. रेडिओवर. जागेसकट.’’ ते थांबले, श्वास घेतला. ‘‘तो इस्पितळात स्वतःचं वजन खरं सांगत नाही. किती दिवस म्हणाला डॉक्टर?’’

मी म्हटलं की न्यूमोनियाला वेळ लागतोच, वसंतापर्यंत सगळं ठीक होईल, आणि निळा रंग बोयांना फार शोभेल. बोलताना माझी नजर खिडकीकडे, गादीकडे, स्कॅनरच्या दिव्यांकडे, सगळीकडे गेली, फक्त त्यांच्याकडे गेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘तुलाही खोटं येत नाही,’’ ते म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, नुसती निराशा होती. ‘‘मुलगा तसा आणि जावई असा.’’ मग म्हणाले, ‘‘स्कॅनर चांगला आहे. सगळं स्पष्ट कळतं.’’ आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डार्लीनला सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझी उशी उचलली आणि मागच्या दाराशी, जिथे बूट आणि आमिषाच्या बादल्या ठेवतो तिथल्या बाकावर नेऊन ठेवली. दुपारचं सूप भरल्या वाटीनिशी परत आलं. रात्रीचंही. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी आत नेणंच सोडलं, दारात नुसती उभी राहायची. मी तिला बापाच्या पाठीकडे बघताना पाहिलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी सरळ धक्क्यावर गेलो.

तिथे मी हात जोडले. म्हटलं, बाबांनो, तुमच्या चांगुलपणानं माणूस मरायला टेकलाय. शिव्या द्या, खोटं बोला, काहीही करा, पण पहिल्यासारखे वागा. सगळे खाली माना घालून उभे. मर्लचे डोळे भरले होते. त्यांनी वचन दिलं.

पण मुद्दाम खोटं बोलायला गेलं की जमत नाही, हे तुम्हाला सांगतो. दुसऱ्या सकाळी मर्ल म्हणाला, ‘‘आज एकही लागलं नाही. देवाशपथ. नातवंडांची शपथ.’’ कोणीतरी त्याच्या आईवरून एक कचकचीत शिवी हासडली आणि लगेच म्हणाला, माफ कर हं मर्ल, मनावर घेऊ नकोस. मर्ल म्हणाला, छे छे, तू दे. भिंतीकडून एवढाच आवाज आला, ‘‘नाटक कंपनी.’’

उरला वेंडल. बंदराच्या दुसऱ्या टोकाला गेलो तेव्हा तो बोटीच्या कडेला बसून बोया रंगवत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, रेडिओवर बोल. तू बोललास तरच ते तोंड इकडे वळवतील.

‘‘काय बोलू? खोटं मला येत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आणि खरं बोललो म्हणून त्यांनी मला हाकललं.’’

मी म्हटलं, काहीही बोल.

‘‘बोलायला काहीतरी असावं लागतं, ओट्टो.’’ तो रंगवत राहिला. जरा वेळानं त्यानं विचारलं, ‘‘जेवतात?’’

‘‘नाही.’’

‘‘वसंताचं काही म्हणतात?’’

‘‘आता नाही म्हणत.’’

तो बोयाच्या एकाच बाजूवर पुन्हा पुन्हा कुंचला फिरवत होता. रंग खाली ठिबकत होता. मी निघालो तरी त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या सकाळी धुकं इतकं होतं की खिडकीतून आमचंच कुंपण दिसत नव्हतं. स्कॅनर चालू होता तो केवळ बंद करायची हिंमत कोणाला होत नव्हती म्हणून. नाटक कंपनीचे प्रयोग चालले होते. मग खरखर झाली आणि एक आवाज आला जो त्या चॅनेलवर वीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता.

‘‘वेंडल बोलतोय.’’

 समुद्रावरचा प्रत्येक तांडेल हातातलं काम टाकून उभा राहिला असणार. ‘‘हडळीच्या खडकावर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘सगळे सापळे ओढले. काही नाही. रिकामे आहेत. इथे आता काही उरलेलं नाही.’’ त्याचा आवाज फाटला. ‘‘काहीच नाही. बस्स, एवढंच.’’

भिंतीकडचं डोकं हळूहळू इकडे वळलं. डोळे उघडे होते.

‘‘काय म्हणाला तो?’’

‘‘काही नाही म्हणाला,’’ मी म्हटलं.

‘‘हडळीच्या खडकावर. ऑक्टोबरात.’’ त्यांच्या छातीतून घरघर सुरू झाली आणि मी घाबरून डार्लीनला हाक मारली. मग कळलं, म्हातारा हसत होता. ‘‘रडका सूर ऐकलास? गळा दाटून आल्यासारखा? हे मी त्याला शिकवलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं.’’ डार्लीन दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, ‘‘पोरी, तुझा भाऊ खोटं बोलला. अख्ख्या बंदरासमोर. बोट बुडायला आली असेल भरून.’’ आणि मग माशाच्या सुपाची वाटी मागितली, बटाटे जास्त घालून.

डार्लीननं सूप भरता भरता माझ्याकडे पाहिलं. उशी त्या रात्री जागेवर आली.

संध्याकाळी निरोप पाठवून वेंडलला बोलावलं. तो आला, दाराबाहेर बूट काढले आणि मोज्यांवर आत आला. बापलेक बसले. बोलले ते इंजिनाबद्दल, वाऱ्याबद्दल, आमिषाच्या हेरिंग मासळीचा भाव कसा वाढलाय त्याबद्दल. किती लागलं हे लिनवुडनी विचारलं नाही. आमच्याकडे घरातसुद्धा ते कोणी विचारत नाही. फक्त मधूनच त्यांनी त्याला डोळा मारला. वेंडलला वाटलं डोळ्यात काही गेलंय. त्यानं रुमालाचं टोक ओलं करून बापाचा डोळा हलक्या हातानं पुसला. म्हाताऱ्यानं पुसू दिला. निघताना म्हणाले, ‘‘बोट उद्यापासून माझ्या जागेवर बांध.’’ वेंडल उंबऱ्यापाशी बूट घालत किती वेळ बसला होता, नाडी काही त्याला बांधता येईना.

त्यानंतर लिनवुड जेवढे दिवस होते तेवढे दिवस जेवले. वसंताचं नाव त्यांनी काढलं नाही, पण भिंतीकडेही वळले नाहीत. गेले ते एका सकाळी, स्कॅनर चालू असताना. मर्ल आणि आणखी एकाच्या दोऱ्या एकमेकांत अडकल्या होत्या आणि दोघं एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते, अगदी मनापासून, माफी न मागता. लिनवुडच्या ओठांवर हसू होतं. डार्लीननं त्यांचे डोळे मिटले आणि स्कॅनर तसाच चालू ठेवला. बाहेर बर्फ पडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते तसंच.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिथे कॉफीच्या पिंपापाशी मला वेंडल एकटा सापडला. काळा कोट त्याला खांद्यात घट्ट होत होता. त्यानं विचारलं, त्या दिवशी मी बोललो ते बाबांनी ऐकलं का नक्की? मी म्हटलं, ऐकलं म्हणजे? अरे, त्या एका गोष्टीवर तर ते पुन्हा जेवायला लागले! म्हणाले, पोरगं शेवटी शिकलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं की काय खोटं बोललास लेका, तो गळा दाटून येणं तर लाजवाब, मला स्वतःला खरं वाटलं.

वेंडलनं कप खाली ठेवला.

‘‘खोटं कुठे बोललो?’’ तो म्हणाला. ‘‘ओट्टो, त्या दिवशी सहा शेवंडं होती. सगळ्या सापळ्यांत मिळून. त्यातली दोन लहान निघाली, परत सोडली. पाणी तापलंय, ती आता तिथे राहत नाहीत. मला वाटलं, त्यांची जागा संपली हे त्यांना माझ्या तोंडून कळावं.’’

माझ्या हातातला अ‍ॅपल-पायचा तुकडा हातातच राहिला. वीस वर्षांनी हा बाबा रेडिओवर आला, पुन्हा खरं बोलला, आणि या खेपेला त्यासाठी बापानं त्याला जवळ केलं! हसावं की रडावं कळेना. वेंडललाही कळत नव्हतं. तो भिंतीवर लावलेल्या बापाच्या फोटोकडे बघत होता, त्यात लिनवुड दोन्ही हातांत दोन शेवंडं धरून उभे होते.

तेवढ्यात मर्ल आला, बशीत गोडाचे तीन प्रकार घेऊन. डोळे रडून लाल, पण सवय कुठे जाते? इकडेतिकडे पाहून त्यानं हळूच विचारलं, ‘‘वेंडल, आता म्हातारा गेला. खरं सांग. त्या दिवशी हडळीच्या खडकावर किती होतं?’’

वेंडलनं माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे बायकांमध्ये बसलेल्या डार्लीनकडे पाहिलं. ती कोणाला तरी तीच गोष्ट सांगत होती, आपल्या भावानं बाबांसाठी काय केलं ती, आणि आठवडाभरात पहिल्यांदा हसत होती.

‘‘तुडुंब, काका,’’ वेंडल म्हणाला.

मर्लनं बशी तिथेच ठेवली आणि कोट चढवला. विश्वास न ठेवायचं कारणच नव्हतं. वेंडलला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या बंदराला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि डार्लीन स्वयंपाकघरात बसलो होतो. स्कॅनर आता ब्रेडच्या डब्याशेजारी आलाय. हजारातला एकच चॅनेल, पण काय स्पष्ट लागतो! निवड माझी आहे शेवटी. पहिला मर्लचा आवाज आला, हडळीच्या खडकावरून. ‘‘काही नाही.’’ मग दुसऱ्याचा. ‘‘इकडेही काही नाही.’’ मग तिसऱ्याचा, चौथ्याचा, अख्ख्या बंदराचा, सगळे त्याच खडकाभोवती, एकाहून एक रडका सूर. ‘‘रिकामे. डिझेलही सुटत नाही.’’ आणि एकमेकांवर कोणाचाही विश्वास नाही, त्यामुळे कोणी तिथून हलायला तयार नव्हतं.

डार्लीन कप हातात धरून ऐकत होती. तिचे डोळे पाणावले होते.

‘‘ऐकतोयस ना?’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांच्याच बोटी भरल्यात. बाबांना काय आनंद झाला असता.’’

मी या खेपेला खिडकीकडे पाहिलं नाही, की दिव्यांकडे पाहिलं नाही. सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

‘‘तुडुंब,’’ मी म्हटलं.